जुन्या एस्टीमच्या दरवाजांची आणि डिकीची लॉक: पूर्ण सेट बदलावा की आहेत तीच सुधारावीत?

लोकमान्यनगरकर, इंदूर

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी २००४ साली घेतलेली मारुती एस्टीम आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी करून घेतले, ती मुदत संपल्यावर पुन्हा करून घेतले, आणि इंजिन अजून इतके चांगले आहे की गाडी काढून टाकण्याचा विचार घरात कोणाच्याच मनात नाही. अडचण आहे ती लॉकची.

चालकाच्या बाजूचे लॉक काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलले गेले, त्यामुळे त्या दरवाजाची किल्ली निराळी आहे. इग्निशनला मूळ किल्ली चालते. डाव्या दरवाजात मूळ किल्ली आत जाते, पण फिरत नाही. तिकडून दरवाजा उघडण्याची वेळच येत नसल्यामुळे हे कधीपासून झाले ते सांगता येणार नाही. डिकीत मूळ किल्ली अगदी सहज फिरते, मात्र डिकी उघडत नाही. चालकाच्या आसनाशेजारचा लिव्हर ओढला की ती उघडते, पण तो लिव्हरही हल्ली जड झाला आहे, आणि एखाद्या दिवशी त्याची केबल तुटली तर स्टेपनी आत आणि आपण बाहेर, अशी अवस्था होईल. गाडीत सेंट्रल लॉकिंग मुळात नव्हते, ते नंतर बाहेरून बसवून घेतलेले आहे.

गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की इग्निशनसकट पूर्ण लॉक सेट बदलावा, म्हणजे सगळीकडे एकच किल्ली होईल. राजवाड्याजवळ बसणारा एक किल्लीवाला म्हणतो की सेटची काहीच गरज नाही, तो आहे त्याच लॉकमधल्या पितळेच्या पातळ पत्त्या बदलून सर्वत्र मूळ किल्ली चालवून देईल. दोघांच्या खर्चात बराच फरक आहे, परंतु माझा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. गाडी रात्री कॉलनीतल्या रस्त्यावर उभी असते, म्हणून लॉक खरोखर सुरक्षित राहिले पाहिजे, आणि वडिलांना अंधारात दोन किल्ल्यांतून योग्य ती शोधावी लागू नये. शिवाय दरवाजाचे आतले पॅड काढून हे काम घरी करता येण्यासारखे आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

निवृत्त टूलरूमवाला, पीथमपूर

आपण लक्षणे व्यवस्थित लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपल्या चार लॉकपैकी बहुधा एकही बाद झालेले नाही.

आपण ज्याला लॉक म्हणतो त्यात तीन वेगळे भाग असतात. किल्ली जिथे घालतो तो बॅरल. दरवाजाच्या किंवा डिकीच्या कडेला असलेला, खुंटीला पकडून ठेवणारा लॅच. आणि या दोघांना जोडणारा तारेसारखा लोखंडी रॉड, जो दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या छोट्या क्लिपमध्ये अडकवलेला असतो. किल्ली आत जाते पण फिरत नाही, तेव्हा दोष बॅरलमध्ये किंवा किल्लीत असतो. किल्ली मोकळी फिरते पण काहीच घडत नाही, तेव्हा बॅरल आपले काम करत असतो आणि त्याच्या मागची जोडणी सुटलेली असते. किल्ली फिरते आणि लॉक उघडतेही, पण जोर लावावा लागतो, तेव्हा बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगच्या मोटरवर आधी संशय घ्यावा, कारण तिची पट्टी जरा तिरकी बसली तरी प्रत्येक वेळी किल्लीला त्या मोटरचे दातेही ओढावे लागतात. मोटरचा रॉड जिथे स्क्रूने आवळलेला असतो तिथे तो सैल करून किल्ली फिरवून पाहिली, की खरे कारण लगेच कळते.

या हिशेबाने आपल्या डिकीची प्लास्टिक क्लिप तुटून रॉड खाली पडलेला असावा. इंदूरच्या उन्हाळ्यात वीस वर्षे तापलेले प्लास्टिक बोटाने दाबले तरी तुटते. फक्त एक खात्री करून घ्या: डिकीच्या बॅरलमध्ये चालकाच्या दरवाजाची दुसरी किल्ली घालून पाहा. तीही फिरली, तर मात्र आतल्या पत्त्या झिजल्या आहेत किंवा कोणीतरी काढून टाकल्या आहेत, आणि मग तो बॅरल ठेवण्यात अर्थ नाही.

आता पत्त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथे आहे. बॅरलच्या आतल्या फिरत्या भागात पितळेच्या पातळ पत्त्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीखाली एक बारीक स्प्रिंग असते. प्रत्येक पत्तीच्या मधोमध एक खिडकी असते, आणि त्या खिडकीची उंची ठरावीक दोन-चार मापांपैकी एक असते. किल्ली नसताना पत्त्यांची टोके बाहेर येऊन बॅरलच्या बाहेरच्या, न फिरणाऱ्या कवचाच्या खाचेत अडकतात. योग्य किल्ली घातली की तिच्यावरच्या खाचांमुळे सर्व पत्त्या एकदम आत ओढल्या जातात आणि फिरता भाग मोकळा होतो. मापे मोजकीच असल्यामुळे एका बॅरलमधली पत्ती त्याच बनावटीच्या दुसऱ्या बॅरलमध्ये बसते, आणि म्हणूनच चालकाच्या दरवाजातल्या नव्या बॅरलमध्ये मूळ किल्लीच्या क्रमाने पत्त्या लावणे पूर्णपणे शक्य आहे. आपला किल्लीवाला जे सांगतो ते शास्त्रशुद्ध आहे.

पण हेच काम करण्याचे दोन आळशी मार्गही आहेत. पहिला म्हणजे किल्ली घालून ज्या पत्त्यांची टोके बाहेर राहतात त्यांना सरळ कानस मारणे. दुसरा म्हणजे न जुळणाऱ्या पत्त्या काढून फेकणे. दोन्ही प्रकारांत आपली किल्ली चालते, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. मात्र तीन पत्त्या उरलेले लॉक शेजाऱ्याच्या किल्लीनेही उघडू शकते आणि एकच पत्ती उरली तर स्क्रू ड्रायव्हरनेसुद्धा. म्हणून काम समोर बसून करून घ्यावे, बॅरल बंद करण्याआधी पत्त्या मोजाव्यात, आणि त्याच कंपनीच्या एखाद्या दुसऱ्या गाडीची किल्ली घालून ती फिरत नाही ना, ते पाहावे. ज्याला हे पाहू देणे आवडत नाही, त्याच्याकडे काम देऊ नये, एवढे स्पष्ट मत मी देईन.

डाव्या दरवाजाच्या बॅरलमध्ये धूळ आणि वाळलेले तेल साचून पत्त्या जागच्या जागी बसल्या असतील. जोर लावू नका. किल्ली आत तुटली तर साधे काम अवघड होऊन बसेल. बॅरल बाहेर काढून केरोसीनमध्ये धुवावा, नीट वाळवावा आणि ग्राफाइटची पूड घालावी. ग्राफाइट नसेल तर मऊ पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासले तरी चालते. बॅरलमध्ये तेल किंवा ग्रीस घालू नये, कारण आपल्याकडची धूळ त्यात मिसळून वर्षभरात पुन्हा तीच गत होते. ग्रीस लावायचे ते लॅचला.

किल्लीबद्दल शेवटचे. रोजच्या वापरातली किल्ली इतक्या वर्षांत कडांना झिजलेली असते, आणि तिच्यावरून काढलेली प्रत ती झीजसुद्धा उतरवून घेते. कपाटात पडून असलेली दुसरी मूळ किल्ली सापडत असेल तर पत्त्यांची जुळणी आणि नवीन प्रती, दोन्ही तिच्यावरूनच करून घ्याव्यात.

छोटी ग्वालटोली स्पेअर्स

काकांनी लिहिले ते बरोबर आहे, आणि माझे दुकान लॉक सेट विकण्याचे असूनही मी आपल्याला सेट घेण्याचा आग्रह करणार नाही. सेट घ्यावा तो बॅरल खरोखर झिजलेले असतील तेव्हा, किंवा किल्ली हरवली अथवा चोरीला गेली असेल तेव्हा. दुसऱ्या कारणासाठी तर पत्त्या बदलणे किंवा सेट घेणे यावाचून इलाज नाही, कारण ज्याच्या हाती ती किल्ली पडली त्याला गाडी कुठे उभी असते हेही बहुधा माहीत असते.

घ्यायचाच झाला तर काही गोष्टी पाहून घ्या. डाव्या आणि उजव्या दरवाजाच्या बॅरलची मागची शेपटी एकमेकीची आरशातली प्रतिमा असते, त्यामुळे सुटे बॅरल घेताना जुना काढून सोबत आणावा. केवळ गाडीचे नाव आणि साल सांगून नेलेला माल परत येण्याचे प्रमाण आमच्याकडे सर्वाधिक याच खात्यात आहे. मिंडासारख्या नावाजलेल्या कंपन्यांचा माल आणि निनावी माल यांतला फरक वजन हातात घेतल्यावर जाणवतो. स्वस्त बॅरलच्या फिरत्या भागाचा धातू इतका मऊ असतो की किल्लीचे तोंड थोड्याच काळात ढिले होते. सेटसोबत किल्लीच्या नंबराचा छोटा बिल्ला आला तर तो किल्लीच्या जुडग्याला न अडकवता घरी कागदपत्रांत ठेवावा, कारण त्या नंबरावरून, झिजलेली किल्ली न वापरता, मूळ मापाची किल्ली कापून घेता येते.

गॅरेजवाल्यांनी इग्निशनही बदलायला सांगितले आहे, त्याबद्दल दोन शब्द. इग्निशनचे लॉक स्टिअरिंगच्या दांड्यावर ज्या बोल्टांनी आवळलेले असते, त्यांची डोकी आवळताना मुद्दाम तुटून जातील अशीच बनवलेली असतात, म्हणजे चोराला पान्हा लावून ते सोडवता येऊ नये. ते काढायचे म्हणजे छिन्नीने फिरवणे किंवा ड्रिल करणे आले. आपली इग्निशन व्यवस्थित चालत असताना तिला हात लावण्याचे काहीही कारण नाही. दरवाजे आणि डिकी तिच्या किल्लीला जुळवावीत, तिला त्यांच्या किल्लीला नव्हे. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप असलेल्या गाड्यांना तर हे अधिकच लागू पडते. दरवाजाला आणि डिकीला चिपची गरज नसते, तेवढ्यापुरती साधी कापलेली किल्लीही चालते. पण चिप नसलेल्या किल्लीने इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते.

विमा सर्वेक्षक, तिलकनगर

तांत्रिक भाग वरच्या दोघांनी सांगितला आहे, मी माझ्या कामातला भाग सांगते. गाडी चोरीला गेली आणि दावा दाखल केला, तर विमा कंपनी गाडीच्या सर्व किल्ल्या मागते. एका गाडीच्या दोन वेगळ्या किल्ल्या आल्या, किंवा मूळ किल्लीऐवजी बाजारात कापलेली आली, की प्रश्न सुरू होतात: लॉक केव्हा बदलले, का बदलले, जुन्या किल्ल्या कुठे गेल्या? त्या वेळी हातात बिल असले तर चर्चा तिथेच संपते. म्हणून किल्लीवाल्याकडून साधी का होईना, तारीख आणि गाडीचा क्रमांक असलेली पावती अवश्य घ्यावी, आणि काम झाल्यावर विमा कंपनीला ईमेलने कळवून ठेवावे. चांगला किल्लीवाला काम घेण्याआधी आरसी पाहायला मागतो. तो मागत असेल तर राग मानू नये.

आपली गाडी जुनी आहे, तेव्हा पॉलिसी कोणती आहे हेही एकदा पाहा. अशा गाड्यांना पुष्कळ लोक फक्त थर्ड पार्टी विमा घेतात, आणि त्यात स्वतःची गाडी चोरीला गेल्यास काहीही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल, तर पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि ग्राहक यांच्यात ठरवून लिहिलेली असते, ती आपल्याला मान्य असलेली आहे ना ते वाचून घ्यावे. किल्ली आणि लॉक बदलण्याच्या खर्चाचे वेगळे जोडसंरक्षणही कंपन्या विकतात, मात्र ते नव्या गाड्यांसाठी असते, आपल्याला त्याचा उपयोग होईल असे वाटत नाही.

सुदामानगर, इंदूर

घरी करता येईल का, या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. डिकी नक्की करता येईल. दरवाजा करता येईल, पण घाईने नाही आणि पावसाळ्यात नाही.

दरवाजाचे काम सुरू करताना काच पूर्ण वर करून ठेवावी, कारण बॅरलपर्यंत हात पोचायला जागा तेव्हाच मिळते. काच फिरवण्याचे हँडल एका वाकड्या तारेच्या क्लिपने धरलेले असते; हँडल आणि पॅड यांच्यामध्ये जुन्या धोतराची किंवा चादरीची पट्टी घालून दोन्ही बाजूंना आळीपाळीने ओढली की ती क्लिप सुटते, फक्त ती उडते कुठे याकडे लक्ष ठेवावे. हाताच्या टेकूचे आणि आतल्या हँडलचे स्क्रू काढल्यावर पॅड फक्त कडेच्या प्लास्टिक खुंट्यांवर राहते. त्या खुंट्या जुन्या गाडीत हमखास तुटतात, तेव्हा काही नव्या आधीच आणून ठेवाव्यात, म्हणजे नंतर खडखडणारे पॅड घेऊन फिरावे लागत नाही.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो, आणि बहुतेक कारागीर तो फाडून टाकतात. कृपा करून तसे करू नका, करू देऊही नका. पावसाचे पाणी काचेच्या कडेने दरवाजाच्या आत उतरणे हे ठरलेलेच असते आणि ते खालच्या भोकांतून बाहेर जाते. तो कागद नसला की तेच पाणी पॅडमध्ये मुरते आणि पायाखालचा गालिचा ओला होतो. पुढे कोणी दरवाजाचे रबर बदलायला सांगतो, कोणी काचेचे, आणि पाणी येतच राहते. कागद हळूहळू सोलावा आणि परत लावताना त्याचा चिकट काळा थर कमी पडला तर रुंद टेप लावावी. दरवाजा उघडलाच आहे तर खालची पाणी जाण्याची भोकेही तारेने मोकळी करून घ्यावीत.

बॅरल आतून एका चपट्या, घोड्याच्या नालासारख्या क्लिपने पत्र्याला धरलेला असतो. ती पक्कडीने ओढण्याआधी खालच्या पोकळीत एक फडके कोंबावे, नाहीतर क्लिप दरवाजाच्या तळाशी जाते आणि लोहचुंबक घेऊन बसावे लागते. पत्र्याच्या आतल्या कडा धारदार असतात, त्यामुळे हातमोजे घालावेत.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. सगळे जोडून झाले की दरवाजा लावायचा नाही. दरवाजा उघडाच ठेवून स्क्रू ड्रायव्हरने लॅचची जीभ बंद स्थितीत ढकलावी, जणू दरवाजा लागला आहे, आणि मग किल्लीने लॉक करून, उघडून, बाहेरचे हँडल ओढून, आतले ओढून, सेंट्रल लॉकिंगचे बटण दाबून सर्व काही तपासावे. जीभ प्रत्येक वेळी सुटली पाहिजे. एखादा रॉड चुकीच्या भोकात गेला असेल आणि दरवाजा लागून बसला, तर पॅड काढण्याची वाटच बंद होते. डिकीलाही हाच नियम.

लोकमान्यनगरकर, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

डिकीबद्दल टूलरूमवाल्या काकांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. लिव्हरने डिकी उघडून आतले आच्छादन काढले तर रॉड एका टोकाने लोंबकळत होता आणि क्लिपचे तुकडे खाली पडलेले होते. सांगितल्याप्रमाणे चालकाच्या दरवाजाची किल्ली तिथे घालून पाहिली, ती फिरली नाही, म्हणजे पत्त्या शाबूत आहेत. नवी क्लिप छोटी ग्वालटोलीत मिळाली, दुकानदाराने तिची किंमत सांगितली तेव्हा गॅरेजचा अंदाजपत्रकाचा कागद आठवून वडील हसू लागले. केबलच्या दोन्ही टोकांना आणि लॅचला ग्रीस लावल्यावर लिव्हरही हलका झाला.

दरवाजांचे काम मी स्वतः केले नाही. पॅड मी काढले आणि बॅरल किल्लीवाल्याकडे घेऊन गेलो. आरसी त्याने आपणहून मागितली, त्यामुळे माझा विश्वास वाढला. चालकाच्या बॅरलमध्ये त्याने कपाटातल्या मूळ किल्लीच्या क्रमाने पत्त्या लावल्या, एकाही पत्तीला कानस लावली नाही, आणि मी मोजण्यासाठी मागितल्यावर त्याने बॅरल उघडाच माझ्या हातात दिला. डावा बॅरल धुऊन ग्राफाइट घातल्यावर तीच किल्ली तिथेही फिरू लागली. पावती घेतली आहे, विमा कंपनीला कळवले आहे, आणि पॉलिसी वाचल्यावर ती फक्त थर्ड पार्टीची असल्याचे समजले, तेव्हा त्याबद्दल ताईंना वेगळे विचारीन.

एक शंका मात्र शिल्लक आहे. डिकी आता किल्लीने उघडते, पण लावताना ती पूर्वीपेक्षा जोरात आपटावी लागते. क्लिप बदलल्यामुळे असे होऊ शकते का?

निवृत्त टूलरूमवाला, पीथमपूर

क्लिपमुळे होणार नाही, पण रॉड बसवताना लॅच थोडा जरी हलला असेल तर होऊ शकते. आधी डिकीच्या कडेचे रबर आणि कोपऱ्यांतले रबरी गुटके पाहा. गुटका फिरून वर आला असेल तर तो खाली फिरवल्यावरच काम होईल. तिथे दोष नसेल तर खाली पत्र्यावर जी आडवी खुंटी आहे, जिला लॅच पकडतो, तिच्या बोल्टांच्या भोवती पेन्सिलीने खूण करून घ्या, बोल्ट अर्धवट सैल करा आणि खुंटी एका वेळी मिलिमीटरभर वर सरकवून पाहा. फार वर नेली तर डिकी हलक्या हाताने लागेल खरी, पण रबर दाबले जाणार नाही, खड्ड्यांवर झाकण वाजेल आणि पावसात स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचेल. जिथे दोन्ही तळव्यांनी बेताने दाबल्यावर ती लागते, तिथे बोल्ट आवळावेत, आणि त्यानंतर किल्लीने व लिव्हरने, दोन्ही प्रकारे, उघडून पाहावे.